आज झाड आधीच कललं

झिलू पालथा पडला होता आणि त्याच्या पाठीवर म्हादू. दोघांच्या पायाशी नुकताच कोसळलेला साग आडवा होता. झिलूनं मान वळवून पाहिलं, तर म्हादूचं तोंड अजून उघडंच होतं. म्हणजे त्यानं हाक मारली होती. झिलू झाडाकडं पाठ करून, आधी पाडलेल्या खोडाच्या फांद्या तोडत बसला होता. शेवटी म्हादूनं कुऱ्हाड टाकून धाव घेतली आणि त्याला ढकललं. झिलूला खरचटलंही नव्हतं. म्हादूचा उजवा हात मात्र कोपराखाली मोडला होता.

गेल्या पावसाळ्यात हिवतापातून उठल्यापासून झिलूला ऐकू येत नव्हतं. बायको गिरजा सोडली तर त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांचे ओठ बघून तो बोलणं ओळखायचा, आणि ओळखता आलं नाही की हसायचा.

खालच्या अंगाला काम करणारी माणसं पळत वर आली. मुकादम पुंडलिकनं म्हादूचा हात पाहिला, परशूला बांबूच्या कामट्या आणायला पिटाळलं आणि झाड पडताना वेळेवर हाक का दिली नाही म्हणून विचारलं.

"मीच उशीर केला," म्हादू म्हणाला.

झिलूनं ते त्याच्या ओठांवर वाचलं. पुंडलिक संतापून काय बोलला तेही वाचलं. हाक चुकवणारा माणूस रानात नको, हात बरा झाला तरी परत यायचं नाही. म्हादूनं मान खाली घातली. परशू कामट्या बांधू लागला. झिलूनं उगाच एक फांदी उचलली, ती हातातच राहिली.

"त्यानं हाक मारली असणार," तो म्हणाला. "मला ऐकू येत न्हाई."

सगळ्यांचे ओठ थांबले. आजवर का लपवलंस, असं पुंडलिकनं विचारलं. सांगितलं असतं तर हातात कुऱ्हाड कुणी दिली असती, हे झिलूच्या तोंडावर आलं होतं. म्हादूच्या हाताकडं बघून त्यानं ते गिळलं.

म्हादूनं डाव्या हातानं त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि तो सावकाश बोलला,

"मला ठाव हाय. म्हणून तर शेवटचे घाव घालायच्या आदी तुझ्या म्होरं येऊन सांगत व्हतो. आज झाड आदीच कललं."

पुढचे दिवस झिलू घरीच बसून होता. गिरजा रोज म्हादूकडं जाऊन यायची. झिलूचे पाय त्या वाटेला वळले नाहीत.

सूज उतरल्यावर म्हादूच त्याला न्यायला आला. रानात पुंडलिक दोघांनाही नको म्हणाला, तेव्हा बाकीच्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. परशूनं घरून बैलाचा कासरा आणला. एक टोक झिलूच्या कमरेला बांधलं, दुसरं म्हादूच्या डाव्या हातात दिलं. पुंडलिकनं कमरेची गाठ ओढून पाहिली आणि तो खाली उतरला.

कासऱ्याला हिसका बसला. झिलू फांद्या सोडून बाजूला झाला. साग पडला, तळव्यांखाली जमीन हादरली.

थोड्या वेळानं पुन्हा हिसका बसला. झिलू धडपडत उठला, त्यानं वर पाहिलं. सगळी झाडं उभी होती. म्हादू खोडावर बसला होता. मांडीवर तंबाखू आणि चुना काढून ठेवला होता, आणि एका हातानं तंबाखू मळता येत नव्हती.

झिलू जवळ बसला. तंबाखू तळहातावर घेऊन मळू लागला. ती कधीच मळून झाली होती, तरी तो मान वर न करता मळत राहिला.