रांगेच्या तोंडाशी पाटी

“रिकामं. रिकामं. चाळीस. रिकामं,” तक्ता वाचून दाखवणारी संगणकातली बाई ठणठणीत आवाजात बोलली.

“चाळीस काय? गुलाब की बेडूक?” बाबांनी विचारलं. नजर गेल्यापासून रोपवाटिका ते कानांनीच सांभाळू पाहत होते. किल्ल्यांचा जुडगा समोर टेबलावर होता. आज जमलं नाही, तर संध्याकाळी तो पुतण्याच्या हाती द्यायचा आणि रोपवाटिकेचं नाव सोडायचं, असं ते ठरवूनच बसले होते.

“अहो बाबा, सोपं आहे. लाल म्हणजे संपलेली, हिरवी म्हणजे विकायला तयार,” लेक म्हणाली. दोन दिवस खपून तिने तक्ता नटवला होता. मधोमध ठसठशीत शीर्षक, चार-चार घरं एकमेकांत मिसळलेली, आणि रंगांची नुसती उधळण. बाईला मात्र फक्त अक्षरं वाचता येत होती.

“वा! आंधळ्याला रंगीत तक्ता!” बाबा खो खो हसले. मग त्यांचा हात चाचपडत जुडग्याकडे गेला. “राहू दे गं. झालं तेवढं पुष्कळ झालं.”

लेकीने त्या हाताकडे पाहिलं. या हातांनी पाटीशिवाय कधी रोप लावलं नव्हतं. आधी रांगेच्या तोंडाशी पत्र्याची पाटी, मगच खुरपं. तिला अक्षरओळख झाली ती त्याच पाट्यांवरून, बाबांच्या खांद्यावर बसून. ती वाचायची आणि टाच मारून ओरडायची, “पुढची रांग!” की बाबा घोड्यासारखे निमूट चालू लागायचे. काय सुखाचे दिवस होते! आणि नेमकी तीच पाट्या विसरली होती.

तिने मिसळलेली घरं सुटी केली. तक्त्याला नाव दिलं. प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर मथळा बसवला: रोप, कुंड्या, जागा, स्थिती. रंग राहू दिले, पण शेजारी अक्षरांत लिहिलं, ‘तयार’, ‘संपलं’.

“गुलाब,” बाई बोलली. “कुंड्या, चाळीस. जागा, फाटकाजवळ. स्थिती, तयार.”

बाबा ताठ बसले. “फाटकाजवळ? तिथं गाड्यांची धूळ बसते. आत घ्यायला सांग आधी!”

लेक हरखून कळ दाबायला पुढे झाली. बाबांनी तिचा हात अलगद बाजूला सारला, जुडगा खिशात टाकला आणि खालच्या बाणाची कळ स्वतःच शोधून काढली.

“तू नुसती खांद्यावर बस,” ते म्हणाले. “पुढची रांग!”