एकसष्ट तास चौदा मिनिटं

“ती कॅसेट अजून तुमच्याकडेच आहे ना हो? विकून नाही ना टाकलीत?”

फोनवर कोणी बाई होत्या. समोरचं गिऱ्हाईक तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ वाचायची खटपट करत होतं. चष्मेवाल्याने त्याला हातानेच थांबायला सांगितलं.

“कुठली कॅसेट, काकू?”

“व्हिडिओ गेमची. वर दीपगृहाचं चित्र आहे. आमच्या ह्यांनी मला न विचारता ऑनलाइन विकली. तुम्हीच घेतलीत ना?”

त्यानेच घेतली होती. जुन्या गेमच्या कॅसेटी जमवायचा त्याला भारी नाद, आणि ही एक तो चार वर्षं प्रत्येक साइटवर शोधत होता. जाहिरातीत काकांनी ‘बॅटरी संपत आली आहे’ असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. घरी मात्र बोलावलं नाही. बस थांब्यावर थरथरत्या हातांनी पिशवीतून काढून दिली आणि म्हणाले, “आजच न्या, उद्यावर नको.”

“त्यात आमच्या चिमीचा खेळ आहे,” काकू म्हणाल्या. “अर्धा राहिलेला. ती जाऊन एकोणीस वर्षं झाली. दर वाढदिवसाला मी तो लावते आणि नुसती बघत बसते. मला मेलीला खेळता कुठे येतं! येत्या चार तारखेला वाढदिवस आहे तिचा. आहे ना हो त्यात तिचं सगळं?”

या जुन्या कॅसेटीत नाण्याएवढी एक बॅटरी असते. अर्धा राहिलेला खेळ तिच्या जिवावर टिकतो. बॅटरी काढली की खेळ पुसला. कॅसेट घरी आली की जमवणाऱ्यांचं पहिलं काम म्हणजे जुनी बॅटरी काढून नवी लावणं. त्याने त्याच संध्याकाळी ते उरकलं होतं. बॅटरीभोवतीचे सोल्डरचे टाके कुणी अडाण्याने घातल्यासारखे ओबडधोबड होते, तेही त्याने शिव्या घालत साफ केले. आधी खेळाची नक्कल उतरवून घ्यायचं यंत्र त्याच्या कपाटात होतं. दहा मिनिटांचं काम. पण कंटाळा केला.

“आहे, काकू,” तो म्हणाला. “जसंच्या तसं आहे. मी जरा बाहेरगावी आहे. चार तारखेला स्वतः आणून देतो.”

फोन ठेवला आणि त्याची त्यालाच शिसारी आली. गिऱ्हाईकाने ओळ वाचली. ती बरोबर वाचली की चूक, हेसुद्धा त्याला कळलं नाही.

रात्रीच्या जेवणाला त्याने बायकोला सगळं सांगितलं.

“मग सरळ खरं सांगून टाक की त्यांना.”

“काय सांगू? तुमच्या लेकीचं जेवढं उरलं होतं तेवढंही मी पुसलं? कंटाळा आला म्हणून?”

दुसऱ्या दिवशी दुकान बायकोनेच उघडलं.

जाहिरातीतले फोटो त्याच्या फोनमध्ये होते. एकात आकडे दिसत होते: नाव चिमी, लेव्हल नऊ, वेळ एकसष्ट तास चौदा मिनिटं. दुसऱ्यात चिमी दीपगृहाखाली उभी होती आणि तिच्या झोळीत चाळीस सफरचंदं होती. बस, एवढ्यावरून सगळं पुन्हा उभं करायचं होतं.

तो खेळायला बसला. पाच तासांत लेव्हल नऊ आली, आणि मग खरी पंचाईत झाली. एकसष्ट तासांत नऊच? पोरीला मारामारी आवडत नसावी. मग हाही प्रत्येक राक्षसाला बघून पळायला लागला. झाडं हलवून सफरचंदं गोळा केली. एक जास्त झालं, ते नदीत टाकलं.

“लोकांचे डोळे तपासतोस आणि स्वतःचे फोडून घेतोस,” बायको म्हणाली. पण चहा आणून ठेवायची, दिवसातून चार वेळा.

शेवटचे तास त्याने चिमीला दीपगृहाखाली नुसतं उभं केलं आणि घड्याळाकडे बघत बसला. मेलेल्या पोरीची खोटी सही मारतोय असं त्याला वाटत होतं. एकसष्ट तास चौदा मिनिटं झाली तसं त्याने खेळ साठवायचं बटण दाबलं आणि तोंड धुवायला गेला. आरशात बघायची हिंमत झाली नाही.

चार तारखेला काकांनी दार उघडलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्यानेही त्यांच्याकडे पाहिलं नाही. काकूंनी जुना टीव्ही आधीच लावून ठेवला होता. कॅसेट बसली. दीपगृह आलं, खाली चिमी आली.

“अगं बाई,” काकू म्हणाल्या. त्यांनी पडद्यावरून हात फिरवला. “बघा हो, सगळी सफरचंदं आहेत! हावरट कुठली!” त्या हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या.

चष्मेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंनी त्याचे दोन्ही हात धरले. “देवमाणूस आहात तुम्ही. दुसऱ्या कुणी परत दिली नसती.”

हे ऐकलं आणि त्याला तिथे थांबवेना. काम आहे म्हणून तो उठला, बूट घालताना नाड्या बांधायच्या विसरला. काका जिना उतरून फाटकापर्यंत त्याच्यासोबत आले. निदान या माणसाशी तरी खोटं बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं. देतील त्या शिव्या खायच्या.

“काका, मला माफ करा. ती बॅटरी बदलताना माझ्याकडून—”

“हळू बोला,” काका वरच्या खिडकीकडे बघत म्हणाले. “तुम्हाला किती दिवस लागले? मला पहिल्या वेळी चार महिने लागले होते.”