लोकल कारागीर

आतल्या खोलीत तांब्यावर फुलपात्र पालथं घातल्याचा आवाज झाला, आणि प्रियंकाला कळलं, मामा घरातच आहेत.

सकाळीच तिने सासऱ्यांना सुचवलं होतं, "मीटिंग आहे मामा, जरा भवानी पेठेत चक्कर मारून या ना." ते बनियनवर कॅमेऱ्यासमोर आले तर, बोलायला लागले तर, एवढंच तिच्या मनात होतं.

लॅपटॉपमधले डिझाइन स्पर्धेचे तिघे परीक्षक खाली मान घालून लिहीत होते. टेबलावर टॉवेलाएवढी मऊ गादी. माशांच्या टाकीची मोटर लावली की तिच्यात हवा भरे आणि सपाट कापडातून सहा बटणं अलगद वर येत. ज्यांना दिसत नाही त्यांनी बोटांनी चाचपायची. मोटर बंद केली की पुन्हा सपाट.

"हवा नेमकी तिथेच कशी फुगते?" असं परीक्षकांतल्या बाईंनी विचारलं होतं.

"विणीमुळे, मॅडम. आमच्याकडे एक लोकल कारागीर आहे. मी डिझाइन देते, तो विणून देतो."

तिचे आधीचे सात रबरी नमुने पुरीसारखे कुठेही फुगले होते. आठव्याच्या वेळी मामाच म्हणाले होते, "नुसत्या रबराला काय कळतंय? कुटं फुगायचं ते कापडानं सांगाया पायजे." मग दोन महिने ते मागावर बसून होते. कुठे घट्ट, कुठे सैल.

"मग डिझायनर म्हणून एकच नाव लिहू?" बाईंनी मान वर केली.

दाराचा पडदा जरासा हलला.

"हो," प्रियंका म्हणाली. "एकच."

कॉल संपला. मामा बाहेर आले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. त्यांनी मोटर लावली, एकेका बटणावर अंगठा दाबून पाहिला.

"चौथं हळू उठतंय. तितं वीण घट्ट झालीय."

"मामा, मी..."

"दुसरं डिझाइन द्या की म्याडम. विणून देतो."

सून म्हणून आल्यापासून ते तिला 'पोरी'च म्हणत आले होते. त्यांनी चपला घातल्या आणि जिना उतरून गेले.

टेबलाखालून त्यांची नात सृष्टी बाहेर आली; आजोबांना ती 'ताता' म्हणे. मीटिंग संपेपर्यंत बोलायचं नाही म्हणून इतका वेळ तिने तोंडावर बोट ठेवलं होतं. आता त्याच बोटाने तिने चौथं बटण दाबलं.

"मम्मी, हे तर आपल्या ताताने केलंय ना?"

"हो गं."

"मग तो कारागीर कुठं राहतो?"