हेक्सनशुस

चंद्रभागाबाई शेताच्या धुऱ्यावर पालथी पडली होती. भाताचा रोवणा करताना, रोपं लावता लावता कमरेत उसण भरली आणि ती वाकली ती वाकलीच. चार बायांनी उचलून बांधीबाहेर आणली. सानगडीच्या रस्त्यानं चाललेली दवाखान्याची जर्मन सिस्टर लुना उभी करून चिखल तुडवत आली. पाठ दाबून पाहिली आणि धीर द्यावा म्हणून हसली.

"घाबरू नका, आई. आमच्या गावी याला हेक्सनशुस म्हणतात."

"म्हंजे काय जी?" शेजारच्या शकुबाईनं विचारलं. तिला सगळंच माहीत करून घ्यायचं असे.

"हेक्से म्हणजे चेटकीण. शुस म्हणजे नेम धरून मारणं. चेटकिणीनं मागून मारलेला बाण! जुन्या लोकांचा शब्द."

सिस्टर एकटीच हसली. बाया रेवताकडे पाहू लागल्या.

रेवता चंद्रभागाबाईची सून. चैतात तिचा नवरा सुखराम तळ्यात बुडाला, तेव्हापासून हाच शब्द गावात दबक्या आवाजात फिरत होता. फक्त मराठीत.

"पाहा! गोऱ्याइलेबी ठाऊक हाये," शकुबाई म्हणाली. "इले गावात ठेवनं बरं नोहे, चंद्रभागाबाई. आजच हाकला."

"नाही, नाही, तो नुसता शब्द..." सिस्टरचं कोणी ऐकलं नाही.

रेवताला काही वाटलं नाही. सुखराम गेल्यापासून तिला काही वाटतच नव्हतं. हातात भाताच्या पऱ्ह्यांची जुडी तशीच होती. पिंडरीला एक जळू चिकटली होती. ती तिला दिसत होती, कळत नव्हती.

चंद्रभागाबाईनं मातीतून तोंड वर केलं. "रेवते, तू पायाळू न वं?"

पायांकडून जन्मलेल्याची लाथ बसली की उसण जाते, हे साऱ्या गावाला माहीत.

"मंग पाहून काय राहिली? दे लाथ."

"सासूले?" शकुबाईचा हात तोंडावर गेला.

"सासूलेच. तुले पाह्यजे काय?"

रेवतानं पाय उचलला. मारला कसला, ठेवला.

चंद्रभागाबाई उठली. पदर झटकून ताठ उभी राहिली. "गेली वं माय! चेटकिनीच्या पायानं उसन जाते का कधी? चला, रोवणा पडला हाये."

बाया एकमेकींकडे पाहत बांधीत उतरल्या. शकुबाई सगळ्यांत शेवटी.

त्या लांब गेल्यावर चंद्रभागाबाईनं सुनेचा खांदा घट्ट धरला.

"सिस्टरबाई, सुई असन त द्या लवकर. जीव जाऊन राहिला."