दोन उजवे बैल
बहात्तरच्या दुष्काळात गोदाकाठच्या दोन्ही गावांच्या कचरागाड्यांना एकेकच बैल उरला. नगरपालिकांनी मिळून एक जोडी जुळवली: सकाळी इकडचा कचरा, दुपारी तिकडचा. पुलावर मच्छिंद्रनं आपला बैल जुवाच्या उजवीकडे उभा केला. पलीकडून आलेल्या योहाननंही आपला उजवीकडेच आणला. दोन्ही बैल जन्मभर उजवीकडचे. हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. मच्छिंद्रचा म्हातारा बैल डावीकडे घातल्यावर जागचा हलेना. "गाडी निघाली न्हाई, तर ह्याला कसायाकडं धाडत्याल," मच्छिंद्र पुटपुटला. "माझ्याकडं नको बघू. माझा लई हट्टी हाय, माझ्यावानी," योहान म्हणाला. मग त्यानं आपल्याच बैलाला डावीकडे जुंपलं. "तू बस गाडीवर." स्वतः मात्र तो बसला नाही. बैलाच्या मानेवर हात ठेवून दोन्ही गावांतून पायी चालला, त्याच्या कानाशी सांगत: "दमानं घे बाबा. बाजूला म्हातारं मानूस हाय."