उंबऱ्यावरचं पाणी

"सही इथंच करून टाक, म्हणजे वाटेत निवांत झोप काढशील," ल्युबेन म्हणाला आणि त्याने अंगणातल्या टेबलावरचे कॉफीचे कप बाजूला सारून फाइल पुढे सरकवली.

रादोस्तिनाने ती उघडली नाही. आत काय आहे ते तिला पाठ होतं. पर्यावरणमंत्री म्हणून तिची एक सही झाली, की गावाच्या वरच्या धरणातलं पाणी आधी पोलादाच्या कारखान्याला जाणार होतं आणि उरलंच तर गावाला. नळाला आत्ताच दिवसाआड पाणी येत होतं. दुपारी राजधानीत, सोफियात मंत्रिमंडळाची बैठक होती. सुट्टीला आईकडे आलेल्या मंत्रीणबाईंना भलतंसलतं काही सुचू नये म्हणून पंतप्रधानांनी आपला खास माणूस ल्युबेन याला गाडी देऊन सकाळीच धाडलं होतं.

"आणि नाही केली तर?"

"तर संध्याकाळी तू माजी मंत्री. केलीस तर थेट ब्रसेल्सला, मोठ्या पदावर. साहेबांनी शब्द दिलाय. रादे, शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतीस तू. कुठून कुठे आलीस! एका धरणापायी एवढ्या सगळ्यावर पाणी सोडणार?"

ब्रसेल्स तिला हवं होतं. अगदी हावरटासारखं हवं होतं. इतक्या वर्षांच्या सभा, निवडणुका, पक्षातल्या लाथाळ्या तिने काय पुण्य मिळवायला सोसल्या होत्या?

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या पेनाबाईंचा आवाज आला. नळ आटायला लागल्यापासून त्या रादोस्तिनाशी सरळ बोलत नसत.

"मंत्रीणबाई, अंघोळ झाली का? आमची गेल्या आठवड्यात झाली हो!"

ल्युबेन खो खो हसला. रादोस्तिनाने फाइल काखेत मारली, कोट चढवला आणि उठली.

"शहाणी आहेस. सही गाडीत कर," तो म्हणाला.

दारात तिची आई मिंकाबाई तांब्याची कळशी घेऊन उभी होती. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाच्या पुढ्यात उंबऱ्यावर पाणी ओतायचं, म्हणजे काम पाण्यासारखं सरळ वाहत जातं, अशी गावाची रीत होती. लेक शाळेत नोकरीला लागली तेव्हा आईने ओतलं होतं. नगराध्यक्ष झाली तेव्हा, खासदार झाली तेव्हाही. मंत्रिपदाच्या शपथेला निघताना तर इतकं ओतलं, की रादोस्तिनाने पचपचत्या बुटांनीच शपथ घेतली होती.

आज कळशी आईच्या पोटाशीच राहिली.

"ओत ना, आई. उशीर होतोय."

"कुठल्या कामाला निघालीस ते सांग आधी. सही करायला निघाली असशील, तर हे संध्याकाळच्या घेवड्याचं पाणी आहे. मी ते सांडणार नाही."

"आणि नाही म्हणायला निघाले असेन तर?"

"तर घेवडा उद्या शिजेल."

रादोस्तिना आईच्या हातांकडे बघत राहिली. कळशी जड होती, पण ती खाली ठेवायची काही लक्षणं नव्हती. मग रादोस्तिनाने काखेतली फाइल काढली आणि मागे न बघता ल्युबेनच्या छातीवर दाबली.

"ही तूच सांभाळ. साहेबांना जे सांगायचंय ते मी तोंडावर सांगेन. ओत, आई. सगळं ओत."

"मावशी, थांबा!" ल्युबेन ओरडला. "ही नोकरी घालवायला निघालीय! त्यासाठी कुणी पाणी ओततं का?"

"काम अवघड आहे बाबा," मिंकाबाई म्हणाल्या. "जास्तच लागणार."

आणि त्यांनी कळशी उपडी केली. पाणी पायऱ्यांवरून धडधडत खाली आलं. ल्युबेनचे बूट भिजले, तो शिव्या घालत मागे सरला. रादोस्तिना त्या पाण्यातून चालत फाटकाशी आली.

फाटकाबाहेर पेनाबाई बादली घेऊन उभ्या होत्या. आता ही आपल्या डोक्यावर रिकामी होणार, असं रादोस्तिनाला वाटलं. तसं झालं असतं तरी ती बाजूला सरली नसती.

पेनाबाईंनी बादली तिच्या पायांपुढे ओतली.

"तोंड काय बघतेस? ओलांड," त्या खेकसल्या. "आणि बोलताना आवाज चढव. लहानपणी बरा चढायचा."

गल्ली अरुंद, गाडी चौकातच थांबलेली. रादोस्तिना चालू लागली. तिच्यामागे छातीशी फाइल धरलेला ल्युबेन. समोरचं दार उघडलं, एक पातेलं बाहेर आलं. मग पलीकडचं दार. मग त्याच्या पलीकडचं.

ती चौकात पोहोचली तेव्हा मागे सगळी गल्ली ओली होती. त्या संध्याकाळी तिथे एकाही घरात घेवडा शिजला नाही.