मोंगार्दीच्या अटी

‘असं पुटपुटू नका. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा,’ मोंगार्दी म्हणाला आणि हातातलं पान टेबलावर आपटलं.

तुलियोच्या बारमधले पत्ते थांबले. बोर्गोसाल्वा क्लबचा अध्यक्ष झानेत्ता दारातच उभा होता. नळाच्या तोट्यांचा कारखाना, तळ्याकाठी बंगला, वर हौसेचा फुटबॉल क्लब. आणि फुटबॉलची अक्कल बंद तोटीतून ठिबकेल तेवढी.

‘अध्यक्षसाहेब, टोपी काढा. आत देव बसलाय,’ गल्ल्यावरून तुलियो ओरडला. हशा पिकला.

झानेत्तानं खरंच टोपी काढली. ‘मिस्टर, चूक झाली! नोव्हेंबरात तुम्हाला काढायला नको होतं. परत या.’

आमच्याकडे प्रशिक्षकाला मिस्टर म्हणतात, संघ जिंको नाहीतर हरो. काढून टाकला तरी जूनपर्यंत तो कराराने बांधलेलाच राहतो. घरी बसतो, पगार खातो, आणि आपल्या जागी आलेला कधी तोंडावर आपटतो याची वाट बघतो. आपटला की अध्यक्ष जुन्यालाच बोलावतात. या वाट बघण्यात मोंगार्दीइतका मुरलेला माणूस दुसरा नसेल. चाळीस वर्षांत एकोणीस क्लब झाले. एकाही ठिकाणाहून तो आपल्या पायांनी निघाला नव्हता. सहा संघ त्याच्या हाताखाली खालच्या श्रेणीत गेले. कारणं तयार असत: पंच, पाऊस, गवत, एकदा तर गोलरक्षकाची सासू. एक चषकही मिळाला होता. त्या सामन्यात समोरच्या संघाचे दोन खेळाडू पंचांनी बाहेर काढले होते, एवढा तपशील तो सांगताना गाळायचा.

त्याच्या जागी आलेला देस्तेफानी जेमतेम पस्तिशीचा. पडद्यावर रंगीत बाण काढून खेळ शिकवायचा. मोंगार्दी त्याला ‘हवामान खातं’ म्हणायचा. हवामान खात्याचे अंदाज चुकत गेले आणि संघ तळाला जाऊन बसला. आता एप्रिल लागला होता. जूनमध्ये करार संपला की सत्तरीच्या माणसाला कुणी फोन करणार नव्हतं. हे मोंगार्दीला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो बारमध्ये रोज सांगायचा, ‘फोन इतके येतात, उचलत नाही मी.’ मैदानाच्या कडेच्या त्या बाकावर एकदा, शेवटचं, बसायला मिळावं म्हणून त्यानं काय वाटेल ते केलं असतं. पण आज मागणारा समोर उभा होता, आणि मागणारा समोर असला की मोंगार्दीच्या अंगात राजा संचारायचा.

‘माझ्या अटी आहेत,’ तो म्हणाला.

‘सांगा ना.’

‘पोरांच्या खोलीतले ते बाणांचे पडदे काढायचे.’

‘काढले.’

‘सगळ्या पोरांना सामन्यापर्यंत हॉटेलात कोंडायचं. फोन नाही, बायको नाही.’

‘कोंडू.’

‘कप्तान बदला. मी गेलो त्या दिवशी हसत होता हरामखोर.’

‘बदलला.’

‘आणि आता मला मैदानावर घेऊन चला. गाडी तुम्ही चालवायची. ड्रायव्हर नाही.’

‘माझं भाग्य,’ झानेत्ता म्हणाला.

हा तोच झानेत्ता, ज्यानं कारखान्यातल्या हात धुवायच्या साबणावरून कामगारांशी महिनाभर घासाघीस केली होती. तो असा एकामागून एक मान डोलावतोय म्हटल्यावर बारमधल्या मांजरालाही संशय आला असता. मोंगार्दीला आला नाही. तो सावकाश उठला, कोट झटकला, आणि पेला न संपवताच निघाला. ते मात्र त्याच्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाहेर झानेत्तानं स्वतः गाडीचं दार उघडून धरलं. एक पाय आत टाकून मोंगार्दी थबकला. एवढं मिळालं तरी त्याला आणखी थोडं हवं होतं.

‘आणि ते हवामान खातं? आज सकाळीच हाकललंत ना?’

‘छे हो! त्याला बायकोपोरांसकट समुद्रावर धाडलाय. जूनमध्ये येईल परत. कालच नवा करार केला त्याच्याशी.’

‘म्हणजे?’

झानेत्तानं टोपी डोक्यावर ठेवली. आवाज तोच, गोड. ‘असं बघा मिस्टर. आपण यंदा खाली जाणार, त्यात आता कुणी देव आला तरी फरक पडत नाही. पोरगा हुशार आहे, पुढं नाव काढेल. पहिल्याच वर्षी त्याच्या नावाला हा डाग कशाला? तुमच्या नावावर सहा आहेतच. सातवा कुणाच्या डोळ्यावर येतोय?’

मोंगार्दीनं मागे वळून पाहिलं. अख्खा बार काचेला नाक लावून उभा होता. पेले वर केलेले होते. तुलियो तर दाराबाहेरच्या फळ्यावरचं आजचं जेवण पुसून त्या जागी ‘मिस्टर जिंकले’ असं खडूनं लिहीत होता. परत आत जावं, पेला संपवावा आणि म्हणावं की आपण नाही म्हटलं, असंही त्याच्या मनात आलं. झानेत्ता त्याला धरून ठेवणार नव्हता.

मोंगार्दीनं त्या सगळ्यांना हात हलवून दाखवला आणि गाडीत बसला.

‘उद्या पेपरात बातमी येईल,’ तो समोर बघत म्हणाला. ‘फोटो जरा जुना द्या. केस काळे असतानाचा.’

‘नाही मिस्टर,’ झानेत्ता चावी फिरवत म्हणाला, ‘आत्ताचाच हवाय. लोकांना चेहरा ओळखू यायला हवा.’

सबंध दुपारभरात त्यानं नाकारलेली ही एकच अट. मोंगार्दीनं गाडीचं दार आतून ओढून घेतलं.